लोमटे सरांच्या गाडीचा वारा

लोमटे सर बोलता बोलता मध्येच थांबायचे. अर्धं वाक्य तोंडात, चहाचा कप अर्ध्या वाटेवर, आणि हे आपले कुठेतरी बघत उभे. नवीन माणसाला वाटायचं, यांना काहीतरी होतंय. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं आणि मी पाणी आणायला धावले. परत आले तर म्हणतात, "कांबळेबाई, पलीकडं कुणीतरी दार उघडलं. वारा बदलला बघा." पलीकडच्या हॉलचं शटर खरंच कुणीतरी वर केलं होतं. मी पाण्याचा ग्लास स्वतःच पिऊन टाकला आणि मनात म्हटलं, मीनाबाई, इथं दिवस काढायचे तर अवघड आहे.

सर गेले त्याला आता बराच काळ झाला. पण चाकणच्या आमच्या कंपनीत ट्रायलची नवी गाडी आली आणि पोरं तिचं बॉनेट उघडून गोळा झाली, की मला अजून त्यांची आठवण होते. आठवण होते म्हणजे काय, थोडा रागच येतो. असं अर्ध्यात निघून जायचं असतं का?

आमचं खातं गाड्या थंड ठेवण्याचं. सर त्या खात्याचे मुख्य, आणि मी गाडीत जागोजागी तापमानाचे सेन्सर चिकटवून आकडे काढणारी. सर मूळचे अंबाजोगाईकडचे. शिकलेले भरपूर, हुशार त्याहून जास्त, आणि ती हुशारी लपवून ठेवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. चारचौघांत "हे फक्त मलाच कळतं" असं ते इतक्या निरागसपणे म्हणायचे, की समोरच्याला राग यायच्या आधी हसू यायचं.

खात्यात कुणी नवीन आलं की सर त्याच्या हातात सायकलचा पंप द्यायचे. मार म्हणायचे. दम लागेपर्यंत मारून झाला की पंपाचं तोंड धरायला लावायचे. चटका बसला की सर खूश. मग समजावून सांगायचे, की टर्बो म्हणजे हाच पंप, तो इंजिनात हवा कोंबतो. कोंबली की हवा तापते, तापली की फुगते, आणि फुगलेली हवा इंजिनाच्या पोटात कमी मावते. म्हणजे कोंबून फायदा काय? म्हणून मध्ये एक जाळी बसवतात, तिचं नाव इंटरकूलर. तापलेली हवा त्या जाळीतून जाते आणि निवते. "पण त्या जाळीला कोण निववणार?" एवढं विचारून सर थांबायचे आणि खिडकीकडे बघायचे. उत्तर वारा, हे सगळ्यांना कळलेलं असायचं. तरी ते सांगायची घाई कुणी करायचं नाही, कारण त्या वेळी त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

हवा आळशी असते, हे त्यांचं आवडतं वाक्य. तिला सोपी वाट दिसली की ती तिकडंच पळते, जाळीतून जायचे कष्ट घेत नाही. म्हणून चोरवाटा बुजवायच्या, आणि आत आलेल्या हवेला मागून बाहेर पडायला जागा ठेवायची. हे गाडीपुरतं असतं तर ठीक होतं, पण सर ते सगळीकडे लावायचे. चिंचवडला आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. जेवणाच्या हॉलच्या दाराशी ही गर्दी तुंबलेली. सर थोडा वेळ डोळे बारीक करून बघत राहिले आणि गेले ते थेट हॉलचं मागचं दार सताड उघडून आले. गर्दी हलली, छान वाहायला लागली. इतकी छान, की अर्धी मंडळी पंगतीशेजारून चालत चालत मागच्या दारानं न जेवताच पार्किंगमध्ये पोचली. मुलीचे मामा सरांना शोधत फिरत होते. सर एका खांबाआड उभे राहून मला म्हणाले, "वेग जरा जास्त झाला. मध्ये थोडं अडवायला पाहिजे होतं."

निगडीला प्राधिकरणात आम्ही एकाच सोसायटीत राहायचो. ते वर, मी त्यांच्या खालच्या मजल्यावर. त्यामुळे कंपनीतून सुटका झाली तरी सरांपासून व्हायची नाही. सरांची बायको, सुनंदावहिनी, मात्र माझ्या फार लाडक्या. बारीक चणीची, ठेंगणी बाई, माळशेज घाटाखालच्या मुरबाडकडच्या गावची. बोलणं मऊ, पण बोट नेमकं दुखतं तिथं ठेवणारं. सरांची एक जुनी निळी टर्बो डिझेल गाडी होती. वहिनी तिला सवत म्हणायच्या. "सवतीला आंघोळ घालून झाली का? मग आता चहा घ्यायला या," असं गॅलरीतून सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असं सांगायच्या. गाडीत बसायच्या त्या मागच्या सीटवर, पर्स मांडीवर घट्ट धरून, परक्याच्या घरी गेल्यासारख्या. गाडीचं कधी कौतुक नाही, की तिच्यावर कधी मायेनं हात फिरवणं नाही.

सर निवृत्त झाले त्या वर्षी त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. इलाज झाला, बरे झाले. पण त्यानंतर दिवाळीला वहिनींच्या माहेरी गेले असताना, परतीच्या वाटेवर माळशेज चढताना, एका ट्रकला ओलांडायला सरांनी गाडी बाहेर काढली आणि ऐन वेळी गाडीचा जोरच गेला. समोरून दुसरा ट्रक येत होता. ते वाचले एवढंच. त्यांचा मुलगा निखिल शेजारीच बसला होता. तो माणला राहतो, तिथंच आयटीत आहे, शांत मुलगा. घरी पोचल्यावर तो एवढंच म्हणाला, की बाबा, गाडी विकू या, आणि तुम्ही गाडी चालवणं आता बंद.

सरांना ही गोष्ट फार लागली. मला म्हणाले, की गाडी थकली म्हणून मला थकलेला ठरवतात. इंटरकूलर तापला होता, त्याला वारा मिळत नव्हता, यात माझ्या वयाचा काय संबंध? मी म्हटलं, सर, पोरगं घाबरलंय. तर म्हणाले, घाबरलंय हे कबूल, पण गाडी गेली की मी कोण उरतो ते तरी सांगा. सकाळी गोळ्या घेणारा माणूस, एवढाच की नाही? त्या दिवशी मी त्यांची थट्टा केली नाही.

शेवटी बापलेकांत ठरलं. पुढच्या दसऱ्याला सगळ्यांनी वहिनींच्या माहेरी जायचं आणि परत येताना तोच घाट चढायचा. गाडी नेटानं चढली तर गाडी राहणार आणि सरच चालवणार. दमली तर निखिलनं बघून ठेवलेल्या गिऱ्हाइकाला द्यायची आणि सरांनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावायचा नाही. साक्षीदार म्हणून मला न्यायचं, कारण मी कुणाचीच भीड धरत नाही. ही माझी स्तुती की निंदा, ते दोघांनीही सांगितलं नाही.

पुढचं वर्ष म्हणजे एक लांबलचक स्वप्न होतं. सरांनी वहिनींच्या विणकामातली लोकर मागून घेतली. टीचभर, टीचभर धागे कापले आणि गाडीच्या तोंडावर, बंपरवर, बॉनेटच्या कडेला, जाळीच्या आसपास ते चिकटवले. लाल, पिवळे, पोपटी. रविवारी पहाटे, स्पाइन रोड रिकामा असताना, सर गाडी चालवायचे आणि मी माझ्या स्कूटरवरून शेजारून जायची. वारा दिसत नाही, पण धागे दिसतात. जिथं धागा सरळ मागं पडतो तिथं वारा नीट वाहतोय, आणि जिथं गिरक्या घेतो तिथं अडखळतोय. मी बघायचं आणि हातानं खूण करायची.

काय सांगू, त्या पहाटांचं मला अजून वेड आहे. रस्त्याच्या दिव्यांभोवती धुकं, दूर कुठल्यातरी शेडमधून पहिल्या शिफ्टचा भोंगा, आणि शेजारून ती निळी गाडी अंगभर रंगीत केस फुटल्यासारखी चाललेली. सगळे धागे एकदम थरथरायचे, मग एकदम निवायचे, आणि कधी वळणावर सगळे मिळून एकाच बाजूला झुकायचे. सर काच खाली करून ओरडून विचारायचे काय दिसतंय, आणि मला सांगताच यायचं नाही. मी नुसती बघत राहायची. एकदा फिरायला निघालेले एक आजोबा थबकले आणि मला विचारलं, "कुणाचं लगीन हाय व्हय?" मी हो म्हणून टाकलं.

त्या धाग्यांनी एक गोष्ट मात्र सांगितली. जाळीसमोरचे धागे मरगळून पडलेले असायचे आणि कडेच्या फटींपाशी नुसता नाच चालायचा. म्हणजे वारा बंपरच्या तोंडातून आत यायचा आणि जाळीतून न जाता आजूबाजूच्या फटींतून सटकायचा. सरांना इतका आनंद झाला, की त्यांनी मला घरी नेऊन स्वतःच्या हातानं उप्पीट करून खायला घातलं. ते खारट होतं.

मग त्यांनी पातळ पत्र्याचा एक बोगदा करवून घेतला, बंपरच्या खालच्या तोंडापासून थेट जाळीपर्यंत. कडेच्या सगळ्या फटी फोमच्या पट्ट्यांनी बुजवल्या. जाळीच्या वाकलेल्या पातळ पत्त्या एका जुन्या फणीनं एकेक करून सरळ केल्या. त्या कामाला त्यांना कित्येक दुपारी लागल्या. जमिनीवर गोणपाट टाकून, मान वाकडी करून बसलेले असायचे, तोंडानं काहीतरी गुणगुणत. खाली इंजिनामागून गरम हवा बाहेर पडेल अशीही सोय केली. गाडी धुणाऱ्या माणसानं पुढं लिंबू-मिरची बांधली, तर सरांनी ती सोडून मागच्या हुकाला लावली. "दृष्ट लागायची तर मागून लागू दे, पुढून वारा यायचाय," म्हणाले. काम पुरं झालं तेव्हा मी सेन्सर लावून मोजलं. भर उन्हात, चढावर, गाडी निवांत. मी खडूस बाई, पण मलाही मान्य करावं लागलं, की माणसानं वाऱ्याला वळण लावलं होतं.

आम्ही दसऱ्याच्या आदल्या दिवशी गेलो. घाट उतरताना काही प्रश्नच नव्हता. दसऱ्याच्या सकाळी मी उशिरा उठले. आमच्या घरात हार बुद्धाच्या मूर्तीपुढं असतो, गाडीबिडीला नाही, त्यामुळे अंगणात काय चाललंय याकडं माझं लक्ष नव्हतं. जेवणं झाली. दुपारीच निघायचं, ऐन उन्हात, हा सरांचाच हट्ट. थंडाव्यात कुणीही चढेल, म्हणाले.

बाहेर आले आणि बघितलं. गाडीच्या तोंडावर झेंडूचा हार. साधासुधा नाही, मनगटाएवढा जाड, मध्ये आंब्याची पानं, दुहेरी घातलेला. बाई ठेंगणी, त्यामुळे तिनं तो खालीच बांधला होता, बंपरमधल्या एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंत, बरोबर त्या बोगद्याच्या तोंडावर. बॉनेटला कुंकवाची बोटं. वहिनी पदरानं घाम पुसत बाजूला उभ्या होत्या. माहेरच्या शेतातली फुलं पहाटे स्वतः तोडून, स्वतः ओवून, त्यांनी सवतीची पूजा केली होती. "म्हटलं, वर्षभर एवढं केलंत तिच्यासाठी," त्या सरांना म्हणाल्या, "मी एक हार घालायला काय हरकत?"

सर हाराकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे. आधी फटी उघड्या होत्या तेव्हा निदान इकडून तिकडून वारा येत होता. आता सगळ्या वाटा सरांनीच बुजवल्या होत्या, उरलं होतं ते एकच तोंड, आणि त्या तोंडात झेंडू. सर म्हणाले, "छान झालाय." आणि गाडीत जाऊन बसले.

घाटाच्या पायथ्याशी चहाला थांबलो. निखिल आणि वहिनी टपरीच्या सावलीत गेल्यावर मी सरांना गाडीआड ओढलं. म्हटलं, सर, मी हार सोडते. पिशवीत ठेवते, वर गेल्यावर परत बांधते, वहिनींना कळणारही नाही. वर्षभराची मेहनत आहे, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? मी हारापर्यंत हात नेलासुद्धा.

"हात लावू नका, कांबळेबाई," सर म्हणाले. मग हळू आवाजात, त्यांच्या गावाकडच्या बोलीत, "काय करायलाव तुम्ही? इतकी वर्षं ती माझ्या गाडीत पाहुण्यासारखी बसली. आज पहिल्यांदा तिनं गाडीला आपलं म्हटलं. ते मी सोडून पिशवीत ठेवू?"

मी म्हटलं, गाडी जाईल सर. ते म्हणाले, माहीत आहे. आणि चहाचे पैसे द्यायला निघून गेले.

चढ सुरू झाला. माझ्या मांडीवर तापमानाचं यंत्र होतं. पहिल्या वळणांतच आकडा चढायला लागला आणि मग चढतच राहिला. गाडीचा आवाज जड झाला, जोर ओसरला. सरांनी कुणालाही ओलांडायचा प्रयत्न केला नाही. एका भरलेल्या ट्रकच्या मागं राहून, खालच्या गिअरमध्ये, डाव्या कडेनं ते सावकाश चढत राहिले. एसटी आम्हाला ओलांडून गेली, दुचाकीवाले गेले. उन्हात कडे झगमगत होते, वाळायला लागलेल्या गवतावर वारा लाटांनी फिरत होता, सगळीकडे होता, फक्त आमच्या जाळीत नव्हता. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं. वर पठारावर पोचल्यावर निखिलनं वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बाबा, बास आता." त्याच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. सरांनी मान हलवली. साक्षीदाराला कुणी काही विचारलं नाही.

पुढच्याच आठवड्यात गिऱ्हाईक आलं आणि गाडी गेली. सर खाली उतरले नाहीत. चावी निखिलनं दिली. मी वर गेले तेव्हा ते बाल्कनीत खुर्चीवर डोळे मिटून बसले होते. मी शेजारी बसले. मला त्यांची फार माया आली, पण अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला कधीच जमलेलं नाही. मग तेच म्हणाले, घाटातलं मोजमाप पुसून टाका, कुणाला दाखवू नका. मी पुसून टाकलं.

नंतर दोघं निखिलकडे माणला राहायला गेले. भेटी कमी झाल्या. एकदा निगडीच्या बस स्टँडवर अचानक दिसले. कुणाला तरी भेटून आळंदीला निघाले होते. सर वाळले होते, पण टोपी नवी होती. मी म्हटलं, काय सर, बसनं? तर म्हणाले, बसच्या खिडक्यांची रचना फार अडाणी आहे. तेवढ्यात बस लागली आणि ते जागा धरायला पुढं गेले. वहिनींनी माझा हात धरून ठेवला.

"मीना, तुला एक सांगायचं राहिलं गं," त्या म्हणाल्या. "घाट आला की मी नेहमी डोळे मिटून घ्यायचे. भीतीच तेवढी. यांनाही कधी कळू दिलं नाही. त्या दसऱ्याला यांनी गाडी इतकी हळू घेतली, की मी डोळे उघडले. सगळा घाट बघितला. माझं माहेर वरून कसं दिसतं, ते मला या वयात कळलं. निखिल म्हणतो गाडी दमली. गाडी कसली दमते? वर्षभर राबले होते ते तिच्यावर. त्यांनी माझ्यासाठी हळू घेतली. गाडी जाणार हे माहीत असून."

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. झेंडू, बोगदा, बुजवलेल्या फटी, सगळं. मग मनात पुन्हा एकदा वहिनींचं बोलणं पहिल्यापासून तपासून पाहिलं, आणि त्यात चूक दाखवावी असं मला काही सापडलं नाही. मी म्हटलं, हो वहिनी, तुमच्यासाठीच.

सरांनी आतून हाक मारली. वहिनी चढल्या. त्यांना खिडकी देऊन सर कडेला बसले. बस सुटली तेव्हा वहिनी बाहेर बघत होत्या, आणि सर त्यांच्याकडे. त्यानंतर सर मला दिसले नाहीत.